आरंभीच्या वैमानिकांसमोरील धोके : प्रशिक्षण व हवाई शर्यती यांच्या विशेष संदर्भात (१९०८ ते १९१८)

सारांश :

विमानविद्येच्या पहिल्या दशकात अनेक वैमानिकांना प्रशिक्षण घेताना किंवा शर्यतीत भाग घेताना प्राण गमवावे लागले. या मृत्यूंचे वर्णन बहुधा साहस व नियती या शब्दांत केले जाते. प्रस्तुत लेखात त्यांमागील तांत्रिक, शैक्षणिक व आर्थिक कारणांचे विवेचन केले आहे. विमानाची रचना, उड्डाणशास्त्राविषयीचे अपुरे ज्ञान, शिक्षकाविना दिले जाणारे शिक्षण आणि बक्षिसांच्या रकमेने निर्माण केलेला दबाव ही चार कारणे प्रमुख होती. अपघाताकडे पुरावा म्हणून पाहण्याची वृत्ती रुजल्यावर आणि धोका टाळण्याऐवजी तो शिकविण्याची पद्धत आल्यावर परिस्थिती पालटू लागली, असे या विवेचनातून दिसून येते.

महत्त्वाचे शब्द : विमानविद्या, वैमानिक प्रशिक्षण, हवाई शर्यती, स्टॉल, स्पिन, अपघात चौकशी.

प्रस्तावना :

१७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेतील किटी हॉक येथे राइट बंधूंनी यांत्रिक शक्तीवर चालणारे विमान प्रथमच यशस्वीपणे उडविले. त्या दिवसाचे पहिले उड्डाण अवघ्या १२ सेकंदांचे होते व त्यात १२० फूट अंतर कापले गेले. त्याच दिवशीचे चौथे उड्डाण ५९ सेकंद टिकले. मानवाच्या या यशाचा इतिहास सर्वपरिचित आहे. परंतु त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत हे यंत्र चालविण्यास शिकणाऱ्यांनी कोणती किंमत मोजली, याची चर्चा तुलनेने कमी होते.

या किमतीची जाणीव उड्डाणाच्या आधीपासूनच होती. जर्मन अभियंता ओटो लिलिएंथाल याने ग्लायडरच्या साहाय्याने असंख्य उड्डाणे केली. ९ ऑगस्ट १८९६ रोजी त्याचे ग्लायडर हवेत गती गमावून कोसळले व दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. ज्या कारणाने लिलिएंथाल गेला, त्याच कारणाने पुढील वीस वर्षांत कितीतरी वैमानिक गेले. एकच कारण इतकी वर्षे बळी घेत का राहिले, हा प्रश्न या विषयाच्या मुळाशी आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) आरंभीच्या विमानांच्या रचनेतील व नियंत्रणातील धोक्यांचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) तत्कालीन प्रशिक्षण पद्धतीतील उणिवांचा परामर्श घेणे.
३) हवाई शर्यतींमुळे धोक्यात कशी भर पडली ते पाहणे.
४) सुरक्षिततेच्या दिशेने झालेल्या बदलांची कारणमीमांसा करणे.

व्याप्ती व पद्धती :

या लेखाची व्याप्ती मुख्यतः फ्रान्स, इंग्लंड व अमेरिका या तीन देशांतील १९०८ ते १९१८ या काळापुरती मर्यादित आहे. मांडणीसाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून नोंद झालेल्या अपघातांच्या आधारे कारणांचे वर्गीकरण केले आहे. प्रत्यक्ष युद्धातील हवाई लढायांचा येथे विचार केलेला नाही.

१. यंत्राच्या रचनेतील धोके :

आरंभीची विमाने लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेले कापड आणि पोलादी तारा यांची बनलेली होती. वजन कमी ठेवणे आवश्यक असल्याने मजबुतीसाठी फारसा वाव नसे. पंखांवर उड्डाणात नेमका किती भार येतो याची मोजणी अपुरी होती. त्यामुळे एखादा लहानसा भाग निकामी झाला तरी संपूर्ण विमान कोसळत असे. १७ सप्टेंबर १९०८ रोजी फोर्ट मायर येथे अमेरिकन सैन्यासाठी चाचणी चालू असताना ऑर्व्हिल राइट यांच्या विमानाच्या प्रोपेलरला तडा गेला. त्याचा आघात ताणाच्या तारेला होऊन सुकाणू निकामी झाले. ऑर्व्हिल गंभीर जखमी झाले आणि सोबतचे लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज यांचा कवटी फुटून मृत्यू झाला. यांत्रिक विमानाच्या अपघातातील हा पहिला मृत्यू होय.

इंजिनांची शक्ती झपाट्याने वाढली; सांगाड्याची मजबुती त्या वेगाने वाढली नाही. ज्या ब्लेरिओ विमानाने २५ जुलै १९०९ रोजी इंग्लिश खाडी ओलांडली, त्याला सुमारे २५ अश्वशक्तीचे इंजिन होते. त्याच प्रकारच्या विमानाला पुढे ५० अश्वशक्तीचे नोम इंजिन बसविण्यात येऊ लागले. ४ जानेवारी १९१० रोजी बोर्दो येथे लेओं देलाग्रांज हा नामवंत वैमानिक अशाच विमानातून उडत असता पंख मोडून मरण पावला. पंखांना खालून उचलणारा भार पेलण्यासाठी तारा लावलेल्या असत; परंतु विमान वेगाने खाली झेपावताना पंखांवर वरून खाली येणारा भारही निर्माण होतो, हे पुरेसे लक्षात घेतले गेले नव्हते. १९१२ मध्ये खुद्द लुई ब्लेरिओ यांनी या दोषाकडे लक्ष वेधले व फ्रेंच सैन्याने एकपंखी विमानांची मजबुती वाढेपर्यंत त्यांचा वापर थांबविला. आपल्याच यंत्रातील दोष निर्मात्याने उघडपणे मांडावा, ही त्या स्पर्धेच्या काळातील उल्लेखनीय घटना म्हणावी लागेल.

इंजिनाची जागाही घातक ठरत असे. राइट विमानांत इंजिन वैमानिकाच्या पाठीमागील बाजूस असे. विमान नाकावर आदळले की ते जड इंजिन सुटून वैमानिकाच्या अंगावर येई. अमेरिकन सैन्यातील अनेक अधिकारी राइट 'सी' जातीच्या विमानांच्या अपघातांत दगावल्यावर फेब्रुवारी १९१४ मध्ये मागून ढकलणारी विमाने वापरातून काढण्यात आली व पुढे इंजिन असलेली विमाने स्वीकारण्यात आली.

नोम जातीच्या इंजिनाचे आणखी एक वैशिष्ट्य होते. त्यात प्रोपेलरबरोबर संपूर्ण इंजिनच फिरत असे. एवढे वजन वेगाने फिरत असल्याने भोवऱ्याचा गुणधर्म विमानाला येई. एका बाजूला वळताना नाक वर, तर दुसऱ्या बाजूला वळताना खाली जाऊ पाही. नवशिक्याला ही ओढ अनपेक्षित असे. इंजिनातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या एरंडेल तेलाचे तुषार चष्म्यावर बसून दिसणेही अवघड होई.

कमरपट्ट्यासारख्या साध्या साधनाचा अभाव तर विशेष खटकणारा आहे. ३१ डिसेंबर १९१० रोजी न्यू ऑर्लिन्सजवळ जॉन मॉयझंट हा वैमानिक विमानातून बाहेर फेकला जाऊन मरण पावला. १ जुलै १९१२ रोजी बॉस्टनजवळ हॅरिएट क्विम्बी व तिचा सहप्रवासी हे दोघेही असेच विमानातून फेकले गेले. क्विम्बी ही वैमानिकाचा परवाना मिळविणारी पहिली अमेरिकन स्त्री. इंग्लिश खाडी विमानाने ओलांडून तिला तीन महिनेही झाले नव्हते. हवाई छत्रीची विमानातून पहिली यशस्वी उडी १९१२ मध्ये अमेरिकेत झाली होती. तथापि प्रशिक्षणातील बहुतेक अपघात इतक्या कमी उंचीवर होत की छत्री असती तरी ती उघडण्यास अवधी मिळाला नसता.

२. स्टॉल व स्पिन : न उमगलेला शत्रू :

विमानाचा पंख हवेला विशिष्ट मर्यादेपर्यंतच्या कोनात छेदतो तोवर त्याला उचल मिळते. नाक प्रमाणाबाहेर वर गेले किंवा वेग कमी झाला की हवेचा प्रवाह पंखाच्या वरच्या पृष्ठभागापासून सुटतो आणि उचल एकाएकी नाहीशी होते. यालाच 'स्टॉल' म्हणतात. वळण घेताना असे घडले तर एक पंख दुसऱ्याच्या आधी खचतो आणि विमान स्वतःभोवती गिरक्या घेत खाली येऊ लागते. ही अवस्था म्हणजे 'स्पिन'.

आरंभीच्या विमानांचा कमाल वेग आणि स्टॉल होण्याचा वेग यांत अंतर फार थोडे असे. वेग दाखविणारे उपकरण बहुतेक विमानांत नसे. गालावर लागणाऱ्या वाऱ्यावरून आणि तारांच्या आवाजावरून वैमानिक अंदाज बांधीत. शिवाय विमान खचू लागताच नाक वर खेचण्याची मनुष्याची स्वाभाविक प्रवृत्ती असते व नेमकी तीच कृती स्टॉल अधिक गंभीर करते. म्हणजे जिवावर बेतलेल्या क्षणी सहजबुद्धी वैमानिकाला चुकीचा सल्ला देत असे. योग्य कृती शिकल्याखेरीज कळणे शक्य नव्हते आणि शिकविणाऱ्यांनाही ती ठाऊक नव्हती.

या दृष्टीने २५ ऑगस्ट १९१२ हा दिवस महत्त्वाचा आहे. इंग्लंडमधील सॅलिसबरी मैदानावर लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क यांचे अव्हरो विमान सुमारे २०० मीटर उंचीवर स्पिनमध्ये सापडले. नेहमीचे सर्व उपाय निष्फळ ठरल्यावर त्यांनी विमान ज्या दिशेला फिरत होते त्याच्या विरुद्ध दिशेला सुकाणू पूर्ण दाबले. जमिनीपासून जेमतेम १५ मीटर उंचीवर विमान सावरले. पार्क यांनी आपल्या प्रत्येक कृतीचा क्रम सांगितला व तो तज्ज्ञांच्या चर्चेचा विषय झाला. दुर्दैवाने त्याच वर्षी १५ डिसेंबर रोजी पार्क अन्य एका विमानाच्या अपघातात मरण पावले. त्यांनी शोधलेला उपाय प्रशिक्षणाचा नियमित भाग होण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. ज्ञान उपलब्ध असणे व ते शिकविले जाणे यांत केवढे अंतर असू शकते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

३. प्रशिक्षण पद्धतीतील उणिवा :

आजच्या वाचकाला आश्चर्य वाटेल, परंतु आरंभीच्या बहुतांश शाळांत विद्यार्थी पहिल्यापासून एकटाच विमानात बसे. ब्लेरिओच्या फ्रेंच शाळांत एका आसनाची विमाने असत. प्रथम पंख छाटलेल्या, उडू न शकणाऱ्या विमानावर विद्यार्थ्याने मैदानात सरळ रेषेत धावण्याचा सराव करावयाचा. या यंत्रांना 'पेंग्विन' असे सार्थ नाव पडले होते. त्यानंतर जमिनीपासून थोडे उंच उठून सरळ उतरणे, मग अधिक उंची, मग वळण असा क्रम असे. शिक्षक जमिनीवर उभा राहून सूचना देई. विमान उडाल्यावर मात्र तो काहीच करू शकत नसे. या पद्धतीचा एक गुण मान्य केला पाहिजे. विद्यार्थ्याला प्रत्येक टप्पा स्वतः आत्मसात करावा लागे. परंतु ज्या क्षणी मार्गदर्शनाची सर्वाधिक गरज, त्याच क्षणी तो एकटा असे.

जेथे दोन आसने होती तेथेही स्थिती फारशी समाधानकारक नव्हती. अनेक ठिकाणी विद्यार्थी शिक्षकाच्या मागे बसून त्याच्या खांद्यावरून हात पुढे करून दांडी धरीत असे. राइट विमानात दोन वैमानिकांच्या मधोमध असलेली एक दांडी दोघांना सामाईक असे. त्यामुळे डाव्या आसनावर शिकलेला व उजव्या आसनावर शिकलेला अशा दोघांच्या हातांच्या सवयी परस्परविरुद्ध होत. निरनिराळ्या कंपन्यांच्या विमानांत तर नियंत्रणाची व्यवस्थाच वेगळी होती. राइट विमानात हाताच्या दांड्या, कर्टिस विमानात खांद्यांनी हलविण्याचे जोखड, आंत्वानेत विमानात दोन बाजूंना दोन चाके, तर ब्लेरिओमध्ये मधली दांडी व पायांनी फिरवावयाचे सुकाणू. एका विमानात जी हालचाल जीव वाचवी, ती दुसऱ्यात निरर्थक ठरे.

परवान्याच्या परीक्षेचे स्वरूपही लक्षात घेण्याजोगे आहे. १९११ च्या सुमारास विद्यार्थ्याने एकट्याने प्रत्येकी किमान ५ किलोमीटर अंतराची दोन उड्डाणे इंग्रजी आठच्या आकारात करणे, किमान ५० मीटर उंची गाठणे आणि ठरविलेल्या खुणेपासून ५० मीटरच्या आत विमान थांबविणे एवढीच अपेक्षा असे. प्रशिक्षण व परीक्षा बहुधा पहाटे किंवा सायंकाळी, वारा पडलेला असताना होत. स्टॉलमधून सावरणे, आडव्या वाऱ्यात उतरणे, इंजिन बंद पडल्यास काय करावे यांचा परीक्षेत समावेश नव्हता. परवाना हाती पडलेला वैमानिक शांत हवेत उडण्यास पात्र असे. परंतु हवा नेहमीच शांत नसते.

४. शर्यती, बक्षिसे व प्रेक्षक :

ऑगस्ट १९०९ मध्ये फ्रान्समधील रीम्स येथे पहिला मोठा आंतरराष्ट्रीय हवाई मेळावा भरला. ग्लेन कर्टिस यांनी ताशी सुमारे ७५ किलोमीटर वेगाने २० किलोमीटरची गॉर्डन बेनेट शर्यत जिंकली. मेळाव्याच्या अखेरच्या दिवशी ब्लेरिओ यांचे विमान कोसळून जळाले, ते बचावले. याच मेळाव्यात चमकलेला युजीन लफेव्र ७ सप्टेंबर १९०९ रोजी जुविसी येथे चाचणी घेताना मरण पावला. स्वतः यांत्रिक विमान चालवीत असता मृत्यू आलेला तो पहिला वैमानिक होय. याच महिन्यात कॅप्टन फर्बर यांचाही मृत्यू झाला.

शर्यतींनी विमानविद्येला पैसा व प्रसिद्धी दिली हे निर्विवाद आहे. परंतु त्यांनी धोक्याचे स्वरूपही बदलले. यात तीन बाबी दिसतात.

पहिली बाब म्हणजे यंत्राला त्याच्या मर्यादेपलीकडे नेणे. १ जुलै १९११ रोजी इंग्लंडमध्ये झालेल्या गॉर्डन बेनेट शर्यतीसाठी गुस्टाव्ह हॅमेल यांच्या ब्लेरिओ विमानाचे पंख वेग वाढविण्यासाठी छाटण्यात आले होते. पहिल्याच खांबाला वळसा घालताना विमान कोसळले. हॅमेल बाहेर फेकले गेले व सुदैवाने वाचले. पंख लहान केले की वेग वाढतो, परंतु स्टॉल होण्याचा वेगही वाढतो; आणि तीव्र वळणात तो आणखी वर जातो. खांबाभोवती कमी उंचीवर घेतलेले वळण म्हणूनच सर्वांत घातक होते.

दुसरी बाब म्हणजे मैदानावरील गर्दी. जुलै १९१० मध्ये रीम्स येथे जगातील पहिली परवानाधारक महिला वैमानिक रेमोंद द लारोश हिचे विमान कोसळले व ती गंभीर जखमी झाली. दुसऱ्या विमानाने ढवळलेल्या हवेमुळे आपला तोल गेला, असे तिचे म्हणणे होते. बरी होऊन ती पुन्हा उडू लागली. १८ जुलै १९१९ रोजी मात्र अपघातातच तिचा अंत झाला. २१ मे १९११ रोजी पॅरिस-माद्रिद शर्यतीच्या आरंभी इंजिन बिघडल्याने उतरू पाहणारे एक विमान मैदान ओलांडणाऱ्या घोडदळाला चुकविताना मान्यवरांच्या घोळक्यात शिरले. फ्रान्सचे युद्धमंत्री बेर्तो जागीच ठार झाले व पंतप्रधान मोनी जखमी झाले. धोका आता केवळ वैमानिकापुरता उरला नव्हता.

तिसरी बाब आर्थिक होती. बक्षीस ठरावीक दिवशी, ठरावीक अटींवर मिळे. तिकीट काढून आलेले प्रेक्षक वारा सुटला म्हणून उड्डाण रद्द झाले की संतापत. १२ जुलै १९१० रोजी बोर्नमथ येथे चार्ल्स रोल्स, म्हणजे रोल्स-रॉइस कंपनीचे एक संस्थापक, खुणेच्या जागी अचूक उतरण्याच्या स्पर्धेत भाग घेत होते. अखेरच्या टप्प्यात विमानाची शेपूट मोडली आणि ते ठार झाले. २६ डिसेंबर १९१० रोजी उंचीचा विक्रम करणारे आर्च हॉक्सी तोच विक्रम मोडण्याच्या प्रयत्नात ३१ डिसेंबरला लॉस एंजेलिस येथे मरण पावले. मॉयझंटचा मृत्यूही त्याच दिवशी, वर्षाअखेर मुदत संपणाऱ्या बक्षिसाच्या तयारीत झाला. १८ जून १९११ रोजी युरोपीय परिक्रमेच्या शर्यतीच्या पहिल्याच दिवशी तीन वैमानिक दगावले. मुदत, बक्षीस व प्रेक्षक या तिन्हींनी 'आज उडू नये' असे म्हणण्याचे वैमानिकाचे स्वातंत्र्य हिरावून घेतले होते.

५. दोष कोणाचा? चौकशी व शिक्षणातील परिवर्तन :

१३ मे १९१२ रोजी इंग्लंडमधील ब्रुकलँड्स येथे ई. व्ही. बी. फिशर हे वैमानिक व त्यांचे सहप्रवासी ठार झाले. रॉयल एरो क्लबने नेमलेल्या समितीने या अपघाताची रीतसर चौकशी केली. विमान अपघाताच्या पद्धतशीर चौकशीचा हा आरंभ मानला जातो. समितीने वैमानिकालाच जबाबदार धरले. हा निष्कर्ष त्या घटनेपुरता बरोबर असू शकेल. तथापि त्यातून पुढचा प्रश्न उभा राहतो. जे वैमानिकाला कधी शिकविलेच गेले नव्हते, त्याबद्दल दोष केवळ त्याचा कसा?

या प्रश्नाचे उत्तर शिक्षणपद्धतीतून आले. ब्रिटिश अधिकारी रॉबर्ट स्मिथ-बॅरी स्वतः १९१४ मध्ये अपघातात जबर जखमी झाले होते. युद्धकाळात अर्धवट शिकलेले तरुण आघाडीवर येताना पाहून त्यांनी वरिष्ठांकडे सातत्याने पाठपुरावा केला. १९१७ मध्ये गोस्पोर्ट येथे त्यांच्या पद्धतीची शाळा सुरू झाली. तेथे अव्हरो ५०४ हे दुहेरी नियंत्रणाचे विमान वापरले जाई. विद्यार्थी मुख्य वैमानिकाच्या आसनावर बसे आणि शिक्षक बोलण्याच्या नळीतून उड्डाण चालू असताना सूचना देई. ही नळी 'गोस्पोर्ट ट्यूब' या नावाने ओळखली गेली. त्यांचे तत्त्व साधे पण क्रांतिकारक होते. विद्यार्थ्याला धोक्यापासून दूर ठेवू नये. शिक्षक सोबत असताना त्याला जाणूनबुजून स्पिनमध्ये न्यावे, कारण समजावून द्यावे आणि त्यातून बाहेर पडण्यास शिकवावे. त्याच सुमारास फार्नबरो येथे भौतिकशास्त्रज्ञ फ्रेडरिक लिंडेमन यांनी स्वतः विमान स्पिनमध्ये नेऊन त्यामागील शास्त्र तपासले. पार्क यांनी योगायोगाने सापडविलेला उपाय अशा रीतीने अभ्यासक्रमाचा भाग झाला.

या संक्रमणकाळाशी भारतीयांचाही संबंध आहे. हरदितसिंग मलिक, इंद्रलाल रॉय आणि मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर यांनी ब्रिटिश हवाई दलात वैमानिकाचे शिक्षण घेतले. रॉय व वेलिणकर १९१८ मध्ये युद्धात कामी आले. पुढे फेब्रुवारी १९२९ मध्ये जे. आर. डी. टाटा यांनी मुंबईत वैमानिकाचा परवाना मिळविला आणि १९३० मध्ये भारत व इंग्लंड यांदरम्यान एकट्याने उड्डाण करण्यासाठी ठेवलेल्या आगाखान पारितोषिकाच्या स्पर्धेत भाग घेतला. ते पारितोषिक अस्पी इंजिनिअर या तरुणाने जिंकले. ही पिढी दुहेरी नियंत्रणाच्या विमानात, शिक्षकासोबत शिकलेली होती, हा फरक ध्यानात घेण्याजोगा आहे.

निष्कर्ष :

१) आरंभीच्या वैमानिकांचे मृत्यू हे बहुतांशी ओळखता येण्याजोग्या कारणांचे परिणाम होते, त्यांना केवळ दुर्दैव म्हणता येत नाही.
२) इंजिनाची शक्ती व सांगाड्याची मजबुती यांतील असमतोल हे रचनात्मक अपघातांचे प्रमुख कारण होते.
३) स्टॉल व स्पिन यांविषयीचे अज्ञान सर्वांत घातक ठरले, कारण तेथे सहजप्रवृत्तीच विपरीत काम करीत होती.
४) शर्यतींनी तांत्रिक प्रगतीला चालना दिली, परंतु वैमानिकाच्या निर्णयस्वातंत्र्यावर आघात केला.
५) दोषारोपापेक्षा चौकशी व चौकशीनंतर शिक्षण, या क्रमानेच सुरक्षितता वाढली.

समारोप :

सेल्फ्रिज, लफेव्र, रोल्स, क्विम्बी, पार्क ही नावे शौर्यगाथांत शोभून दिसतात. त्यांच्या धैर्याबद्दल शंका नाही. मात्र धैर्याने पंख मोडायचे थांबले नाहीत. ते थांबले मोजमापाने, मोकळेपणाने सांगितलेल्या दोषांनी व नीट शिकविण्याने. प्रयोगशाळा असो, कार्यशाळा असो वा क्रीडांगण, विद्यार्थ्याला जोखमीच्या कामाचे शिक्षण देणाऱ्या प्रत्येक अध्यापकासाठी गोस्पोर्टचा धडा आजही उपयुक्त आहे. जे संकट विद्यार्थ्यापुढे येणारच आहे, त्याची पहिली ओळख शिक्षक सोबत असतानाच व्हावयास हवी.